भोयर सरांनी न तपासलेली नऊ पुस्तकं

भोयर सरांच्या लॅपटॉपची स्क्रीन कायम काळी असायची. ऑफिसात नवा आलेला माणूस पहिल्याच दिवशी हमखास त्यांच्या टेबलापाशी थांबून म्हणायचा, "सर, तुमचा लॅपटॉप बंद पडलाय." त्यावर एका कानावरचा हेडफोन जरा सरकवून भोयर सर शांतपणे सांगायचे, "बंद नाही पडलेला. मला दिसत नाही, मग उगाच दिवा कशाला जाळायचा?"

नवा माणूस ओशाळून पुढे जायचा. आम्ही जुने लोक खाली मान घालून हसायचो. पण सर आले त्या दिवशी आमच्यापैकी प्रत्येकाने हेच वाक्य ऐकलं होतं.

आमची संस्था सदाशिव पेठेत आहे, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. शाळा सुटलेल्या मुलांना बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून आम्ही सोप्या भाषेतली पुस्तकं तयार करतो. लिहिणारे चार गावांत बसून एकाच ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये लिहितात, एकमेकांचं खोडतात, शेजारी शेरे मारतात. भांडणं मिटली की ते डॉक्युमेंट माझ्याकडे येतं. मी त्याची पानं लावायची, चित्रं बसवायची आणि शेवटी पीडीएफ करून केंद्रांना पाठवायची. डॉक्युमेंट ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वेगळं दिसतं, ओळी खालीवर होतात, कुणाचं बोट लागून परिच्छेद उडतो. पीडीएफचं तसं नाही. पान जसं मी लावलं तसंच राहतं. मला माझ्या पानांचा अभिमान होता.

मग आमच्याकडे न पाहू शकणारी मुलं नाव नोंदवायला लागली आणि त्यांच्यासाठी फाइली तपासायला गजानन भोयर एक वर्षाच्या करारावर आले. यवतमाळकडचे. वयाच्या नवव्या वर्षी तापात डोळे गेले, अंधशाळेसाठी पुण्यात आले आणि इथेच राहिले. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "पेन कशाला हो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लोक मागतात. द्यायला बरं असतं."

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विज्ञानाचा एक धडा पाठवला. फार निगुतीने केलेला. डावीकडे बेडकाचा पाठ, उजवीकडे फिक्या हिरव्या रंगात पालेभाज्यांची माहिती. तासाभराने त्यांनी बोलावलं.

"मॅडम, बसा. दोन मिनिटं ऐका."

त्यांनी हेडफोनची वायर काढली. त्यांच्या लॅपटॉपमधलं यंत्र फाइल मोठ्याने वाचून दाखवत असे, ते इतक्या वेगाने की आम्हाला फोडणीतली मोहरी तडतडल्यासारखं वाटे. आज माझ्यासाठी त्यांनी वेग कमी केला. यंत्र माझं पान आडवं वाचत गेलं, डावीकडची ओळ संपली की सरळ उजवीकडे. बाईच्या स्वच्छ आवाजात ते म्हणालं, "बेडकाचे मागचे पाय लांब असतात ते चिरण्यापूर्वी स्वच्छ धुवावेत."

भोयर सरांचा चेहरा अगदी गंभीर होता. "पुण्यात खातात का हो हे?"

मी हसले, पण मला रागही आला होता. त्या पानावर माझे दोन दिवस गेले होते. ते त्यांना आवाजावरून कळलं असावं. म्हणाले, "पान सुंदरच असेल. मी नाही म्हणत नाही. पण मॅडम, तुम्ही घराचा फोटो पाठवला आहे. मला घरात जायचं आहे. दार कुठे ठेवलं?"

त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं. अक्षरं मोठी आणि ठळक केली म्हणजे शीर्षक होत नाही. ते शीर्षक आहे असं डॉक्युमेंटला सांगावं लागतं, तरच यंत्राला एका धड्यावरून दुसऱ्या धड्यावर उडी मारता येते. छापील कागदाचा फोटो काढून त्याची पीडीएफ केली तर यंत्राला त्यात एकही अक्षर सापडत नाही. काही फाँट असे, की त्यांच्यातून पीडीएफ केली की पहिल्या वेलांट्या गळतात. डोळ्यांना वेलांटी दिसत राहते, यंत्र मात्र 'विद्यार्थी'ऐवजी 'वद्यार्थी' वाचतं. हे गळके शब्द भोयर सर जमवायचे. सकाळी दारातून काठी टेकत आत येताना आम्हाला ऐकू यायचं, "शुभ दवस, शक्षक मंडळी!" पाच सप्टेंबरला त्यांनी सगळ्यांना 'शक्षक दना'च्या शुभेच्छा दिल्या होत्या. दामले सरांनाही दिल्या. दामले सर आमचे संचालक. त्यांना तो विनोद समजावून सांगावा लागला.

पीडीएफ करण्याला भोयर सर 'पक्कं करणं' म्हणत. हळूहळू सगळं ऑफिसच तसं म्हणायला लागलं. "इतिहास पक्का झाला का?" "भूगोल उद्या पक्का करू." मी घाईत असले की त्यांच्या टेबलावरून आवाज यायचा, "मॅडम, अजून पक्कं नका करू. पक्कं केलं की त्याच्यातली चूकही पक्की होते."

त्यांच्या काही गोष्टी त्रासदायक होत्या, त्याही सांगायला हव्यात. चहा त्यांना उकळताच लागे. जरा कोमट असला तर कप तसाच परत. कुणी मदत म्हणून दंड धरला तर झटकून टाकत. "अंध" म्हणावं की "दिव्यांग" म्हणावं यावर आमची एकदा बैठक चालली होती, तेव्हा ते मध्येच म्हणाले, "भोयर म्हणा. सोपं आहे." आणि एकदा एखादी गोष्ट चुकली म्हणून त्यांनी धरली, की सुटका नसे. त्यावेळी त्यांचं पुणेरी मराठी गळून पडे. "काहून पाठवली अशी फाइल? मले सांगा, काहून?"

चित्रांच्या बाबतीत तर त्यांनी आम्हाला जेरीस आणलं. प्रत्येक चित्राखाली न दिसणारं वर्णन लिहायचं, यंत्राने ते वाचायचं, अशी सोय असते. आमच्या चित्रकाराने एका चित्राला 'सुंदर देखावा' असं लिहून दिलं. भोयर सर त्याच्याकडे गेले. "सुंदर आहे हे कळलं. देखावा कशाचा?" भूगोलात धरणाची एक आकृती होती. तिचं वर्णन मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा ते परत आलं. चौथ्यांदा मी वैतागून म्हणाले, "मग चला खडकवासल्याला, दाखवते."

ते खरंच निघाले. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं होतं तेव्हा आम्ही गेलो. मी त्यांना भिंत, दरवाजे, पाण्याची पातळी असं सांगत होते. ते ऐकत नव्हते. पुलाच्या कठड्यावर दोन्ही तळवे ठेवून उभे होते. बराच वेळ झाल्यावर म्हणाले, "हे हलतं आहे." मी हात ठेवला. खरंच, कठडा बारीकसा थरथरत होता. इतक्या वर्षांत मी तिथे कणसं खाल्ली होती, फोटो काढले होते, पण कठड्याला हात लावून पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चार ओळी लिहिल्या. एका बाजूला थांबवलेलं उंच पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार, मधली भिंत पायाशी जाड आणि माथ्याशी अरुंद, कारण पाण्याचा रेटा खाली जास्त. त्या पुस्तकातल्या माझ्या आकृतीपेक्षा त्या चार ओळींतून धरण जास्त समजतं, हे मी आजही कबूल करते.

दुपारी तीन ते चार मुलांचे फोन यायचे. ते भोयर सर घ्यायचे. एके दिवशी गडचिरोलीकडच्या निकिताचा फोन आला. ती सतरा वर्षांची, पूर्ण अंध. गणितात एकदा नापास झालेली. तिच्याकडे आमचं गणिताचं पहिलं पुस्तक होतं, भोयर सर यायच्या आधी मी पक्कं करून पाठवलेलं. सरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"सर, मी सगळी उदाहरणं पाठ केली," ती म्हणाली.

"गणित पाठ नाही करत बाई. पण म्हणून दाखव."

तिने म्हणून दाखवलं. "बरोबर. बरोबर. म्हणून उत्तर बरोबर."

"मधलं काय?"

"मधलं काही नाहीच ना सर. मशीन बरोबरच म्हणून राहिली."

त्या पुस्तकातले सगळे अपूर्णांक मी चित्रं करून चिकटवले होते, कारण ते असे नीट दिसत. टाइप केलेली होती ती फक्त मधली 'बरोबर'ची चिन्हं आणि शेवटचं 'म्हणून उत्तर'. या मुलीने वर्षभर तेवढंच ऐकलं होतं, आणि तेवढंच पाठ केलं होतं. वर तिला वाटत होतं, की चुकतंय ते आपलंच.

भोयर सर तिला म्हणाले, "तुझी चूक नाही. पुस्तकाची आहे. मी नीट करून पाठवतो." मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पहिलं गणित त्यांनी तीन आठवड्यांत दुरुस्त केलं. प्रत्येक अपूर्णांक शब्दांत लिहिला. पण दुसरं गणित अजून तपासायचं होतं, आणि तेवढ्यात समारंभ ठरला. ज्या कंपनीच्या देणगीवर हे काम चाललं होतं, तिचे अधिकारी येणार होते. अंध विद्यार्थ्यांसाठी चाळीस पुस्तकं तयार, असं दामले सरांनी त्यांना कळवून टाकलं होतं. भोयर सरांची तपासून झाली होती एकतीस. उरलेल्या नऊ पुस्तकांत हे दुसरं गणित, म्हणजे 'गणित दोन' होतं.

दामले सर वाईट माणूस नाहीत, हे मला आधी सांगितलं पाहिजे. शाळा सुटलेल्या किती मुली त्यांच्यामुळे दहावी झाल्या, हे मी पाहिलं आहे. त्या दिवशी ते स्वतः भोयर सरांच्या टेबलापाशी आले.

"भोयर, चाळीसही पुस्तकं तपासली, अशी सही लागेल. औपचारिकता आहे."

"एकतीसवर देतो, सर."

"उरलेली आपण नंतर दुरुस्त करूच की."

"मग नंतर सही करतो."

"अहो, हा प्रकल्पच थांबला तर? मुलांना काहीच न मिळण्यापेक्षा थोडं कमी-जास्त मिळालेलं चालेल ना?"

भोयर सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "सर, काही नसलं तर मुलगी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेते. चुकीचं दिलं तर ती त्याच्यावर विश्वास ठेवते. मी ऐकलं आहे ते."

दामले सर आत गेले. अर्ध्या तासाने त्यांनी मला बोलावलं. कागद तोच होता, फक्त नावाच्या जागी माझं नाव. "तुम्हीच तर पीडीएफ करता. तांत्रिकदृष्ट्या तुमचीच सही हवी," ते म्हणाले. मला नोकरी हवी होती, मुलाची बारावी होती. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं, की त्यांच्यासमोर नाही म्हणायचं मला सुचलंच नाही. मी सही केली. बाहेर आले तेव्हा भोयर सरांच्या कानांत हेडफोन होते. मी त्यांना काही सांगितलं नाही.

समारंभाला निकिता आली होती, वडिलांबरोबर, रात्रभर प्रवास करून. मंचावर तिच्या हातात पुस्तकांचा पेनड्राइव्ह दिला गेला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग चहाच्या वेळी ती वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून भोयर सरांना शोधत आली. कंपनीचे दोन अधिकारी शेजारीच होते, दामले सर त्यांच्याशी बोलत होते. मी बिस्किटांची बशी घेऊन उभी होते.

"सर, गणित दोन पण आहे ना यात? तुम्ही तपासलं ना?"

सगळे हसत होते, कौतुकाने. भोयर सर हसले नाहीत. त्यांच्या नेहमीच्या आवाजात, ना हळू ना मोठ्याने, त्यांनी सांगितलं, "नाही बाई. मी नाही तपासलं. गणित दोन उघडू नकोस. मी सांगीन तेव्हा उघड."

अधिकाऱ्यांपैकी एकाने दामले सरांकडे पाहिलं. दामले सर म्हणाले, "किरकोळ दुरुस्त्या चालू असतात." विषय बदलला. निकिताने मात्र पेनड्राइव्ह वडिलांकडे दिला आणि म्हणाली, "बाबा, वेगळा ठेवा."

महिनाअखेरीस भोयर सरांचा करार संपत होता. तो पुढे वाढवला गेला नाही. कुणी रागावून बोललं नाही, कुणी निरोप समारंभही केला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबलाचे खण हाताने चाचपून रिकामे केले, प्रत्येकाच्या जागेपाशी जाऊन "येतो" म्हटलं. माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हणाले, "सर, काही लागलं तर सांगा." ते म्हणाले, "हो." एवढंच.

तीन-चार दिवसांनी मी काहीतरी शोधायला गणित दोनचं डॉक्युमेंट उघडलं. सहाव्या पानावर एक अपूर्णांक शब्दांत लिहिलेला दिसला. मला वाटलं, भास आहे. बदलांची नोंद उघडून पाहिली. तिथे नाव होतं, गजानन भोयर. वेळ पहाटे साडेपाच. त्यांची नोकरी काढून घेतली होती, पण डॉक्युमेंटचं दार बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रोज सकाळी ऑफिसला पोचले की मी आधी ते पाहायची. सहा पानं. नऊ पानं. कधी दोनच, तेव्हा काळजी वाटायची. गणित झाल्यावर बाकीची आठ पुस्तकं. मी दामले सरांना सांगितलं नाही. भोयर सरांना फोनही केला नाही. मला लाज वाटत होती, आणि दुसरं म्हणजे, बोललं की हे थांबेल अशी भीती होती. ते दुरुस्त करत गेले, मी शेजारून शुद्धलेखन पाहत गेले. दोघं एकाच पानावर असायचो आणि एक शब्द बोलत नव्हतो.

एका सोमवारी गणित दोनच्या शेवटच्या ओळीशेजारी त्यांचा शेरा दिसला, "झालं. वेलांट्या तपासून पक्कं करा."

मी फाँट बदलला, पीडीएफ केली, डोळे मिटून यंत्राकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मग कुणालाही न विचारता सगळ्या मुलांना पाठवून दिली. जसजशी झाली तसतशी बाकीची आठही पाठवली. दामले सरांना दोन महिन्यांनी कळलं. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बरं झालं." त्यापुढे तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

निकालाच्या दिवशी ऑफिसचा फोन वाजला. निकिता होती. गणित सुटलं होतं. भोयर सरांना सांगायचं होतं. त्यांचा नंबर दिला तेव्हा ती म्हणाली, "ते तिथे नाहीत? मग गणित दोन कोणी केलं?"

"त्यांनीच," मी म्हणाले.

त्यानंतर वर्षभराने भोयर सर मला मंडईत दिसले. सकाळची गर्दी होती. मेथीच्या ढिगापाशी ते उभे होते, एकेक जुडी हातात तोलून बघत. शर्ट तसाच कडक. मी चार हातांवर थांबले. एकदम लक्षात आलं, की मी काही बोलले नाही तर त्यांना कळणारही नाही. निघून जाता येईल. पाय वळलासुद्धा होता. मग माझीच मला शरम वाटली.

"भोयर सर, मी सुजाता."

"अरे, मॅडम!" त्यांचा चेहरा उजळला. एका बँकेत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम लागलं होतं. "दिवसभर शिव्या खातो. पण पगार वेळेवर." मेथीवालीला त्यांनी जुडी परत दिली, दुसरी घेतली. निकिता आता बारावीला होती, त्यांच्याशी फोनवर भांडत असे.

इतके दिवस जे सांगायचं राहिलं होतं ते मी सांगून टाकलं. "सर, त्या कागदावर सही मी केली होती."

"माहीत आहे."

"कसं?"

"दामले सरांनी पाठवला होता मला. बघा, काम झालंय, म्हणून." ते मेथीची माती झटकत होते. "पीडीएफ करून. कागदाचा फोटो काढलेली. यंत्राला एक अक्षर सापडेना. शेवटी शेजारच्या पोराकडून वाचून घेतला."

भोयर सर पुढे म्हणाले, "तो म्हणाला, सही फार सुबक आहे."

"सर, मी तेव्हाच सांगायला हवं होतं तुम्हाला."

"हो," ते म्हणाले. "हवं होतं." आवाजात राग नव्हता, पण माफीचा मऊपणाही त्यांनी आणला नाही. मग म्हणाले, "शुद्धलेखन पाहत होता ना मागून? मला कळायचं. माझे ऱ्हस्व-दीर्घ कच्चे आहेत."

त्यांनी पैसे दिले, मेथी पिशवीत ठेवली, काठी उघडली. सोडू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाले, बस नेहमीचीच होती. मी तिथेच उभी राहून पाहत होते. गर्दीतून त्यांची काठी डावी-उजवीकडे टकटकत चालली होती. वाटेत एक हातगाडी आडवी लावलेली होती, गाडीवाला मोबाइलमध्ये डोकं घालून. काठी चाकाला लागली. भोयर सर थांबले.

"काय हो," ते म्हणाले, "मला दिसत नाही. तुम्हाला काय झालंय?"

आजूबाजूचे हसले. गाडीवाल्याने मोबाइल खिशात घातला आणि गाडी ओढून बाजूला घेतली. मेथीची पानं पिशवीतून डोकावत होती, तेवढी काही वेळ लोकांच्या खांद्यांमधून दिसत राहिली.